वीस पायऱ्या पुढे

बसवनगुडी, बेंगळूर
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

श्रीविद्या,

आशीर्वाद लिहून सुरुवात करायची माझी जुनी सवय आहे. ते घ्यायचे की तसेच परत पाठवायचे, हे तुझं तू बघ. फोनवर तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस असं श्रीहर्ष म्हणाला, म्हणून हे कागदावर. दर रविवारी तो बेळ्ळंदूरला तुमच्याकडे येतो, त्याच्याच हातून पाठवते आहे. तो उघडून बघणार नाही. माझ्या मुलाला दुसऱ्याच्या भानगडीत डोकं घालायची सवय नाही, आणि लग्न होऊन अकरा वर्षं झाली तरी स्वतःच्या भानगडीतही त्याला ते नीट घालता येत नाही.

संहिताचे टाके काढले आणि मांडीतली सळई नीट बसली आहे, हे त्याच्याकडूनच कळलं. पाच वर्षांच्या मुलीच्या मांडीत सळई. ती माझी नात आहे ग. तुझ्या ऑफिसातल्या मीटिंगा चालायच्या तेव्हा तिला न्हाऊमाखू मी घातलंय, तिचं पहिलं पाऊल माझ्या स्वयंपाकघरात पडलंय. आणि तू दवाखान्यातून तिला परस्पर त्या मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर घेऊन गेलीस, वर प्रणीतलाही शाळेतून उचललंस. प्रणीतला मी आता त्या घरात ठेवणार नाही, एवढंच म्हणालीस म्हणे. त्या घराने त्याचं काय वाईट केलं ते मात्र कोणाला सांगितलं नाहीस.

त्या दिवशी काय झालं ते मी एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे तुझ्या मनात किंतु राहायला नको.

श्रावणातला पहिला शनिवार होता. देवनहळ्ळीच्या पुढच्या मुख्यप्राणाच्या डोंगरावर आपल्या घराचा नैवेद्य दरवर्षी जातो. तुम्ही पुण्याचे लोक त्याला मारुती म्हणता. एक्केचाळीस वर्षं तो मीच नेते आहे. पायथ्याच्या छत्रात, त्या धर्मशाळेत, अंघोळ करायची, मडी नेसायची, तिथेच हरभऱ्याच्या डाळीचं गोड हयग्रीव शिजवायचं आणि पितळी डबा घेऊन अनवाणी चढायचं. मडी म्हणजे तुमचं सोवळंच, पण तुमच्यासारखं सणापुरतं काढून नेसायचं नाही. देवापुढे डबा उघडेपर्यंत मला कोणी शिवायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे. यांचे गुडघे गेल्यापासून हे खाली गाडीत बसून जप करतात, तसे त्या दिवशीही बसले होते.

निघताना लख्ख ऊन होतं. तुझ्या फोनातल्या हवामानाने तर दिवसभर ऊन सांगितलं होतं. शंभर पायऱ्या चढलो तर आभाळ भरून आलं, दोनशेवर भुरभुर सुरू झाली, तेवढ्यात पुन्हा ऊन. देव दिवा लावतोय नि विझवतोय, असं संहिता म्हणाली आणि दोघं हसत सुटली. तीनशेव्या पायरीवरच्या मंटपात तू आणि श्रीहर्ष थांबलात. का थांबलात ते तुम्हाला माहीत. मुलं पुढे आली. मी त्यांच्या वीस पायऱ्या पुढे होते. धुकं उतरलं, वारा सुटला, आणि मागे किंकाळी ऐकू आली. वळून पाहिलं तर संहिता कडेवरून खाली खडकावर पडलेली आणि प्रणीत हात पुढे करून उभा. भावाच्या हातात तिचा हात होता, तो सुटला. यापेक्षा जास्त काही झालेलं नाही.

आठ वर्षांचं पोर ते, मी त्याला दोष देत नाही. त्याच्या आईने तिथे असायला हवं होतं एवढंच म्हणते.

फेब्रुवारीत त्याच्या मुंजीचा मुहूर्त धरला आहे. हे अठ्ठ्याहत्तरीचे झाले, डॉक्टरांनी काळजाला जपा म्हणून सांगितलंय, आणि नातवाची मुंज पाहिल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत असं त्यांनी ठरवून टाकलंय. तुझा माझ्यावर राग असेल तर तो मुंजीनंतरही टिकेल. त्याआधी मुलं घरी आण.

अनुसूया

बसवनगुडी
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

श्रीविद्या,

उत्तर आलं. एक ओळ. मी दोन पानं लिहायची आणि तू एक ओळ. प्रणीतने हात सोडला हे त्याला सगळ्यांत आधी कोणी सांगितलं, असं विचारलंस.

मी सांगितलं. लपवायचं काय त्यात? तुम्ही दोघं धावत वर आलात, श्रीहर्ष खडकावर उतरला, तू ओरडत होतीस, आणि तो मुलगा खांबासारखा उभा. तेव्हा मी म्हटलं, "प्रणीत, तू हात का सोडलास?" आजीने काय विचारायला हवं होतं मग? त्यानेही नाही म्हटलं नाही. मान खाली घातली. ज्याने सोडला नसता तो बोलला असता.

आता श्रीहर्ष सांगतो की तो शाळेच्या टायने स्वतःचं मनगट संहिताच्या मनगटाला बांधून ठेवतो, जेवतानासुद्धा सोडत नाही. ती कॉटवर पडून आहे, तिला कुठे जायचंय? मला विचारशील तर हे लाड आहेत. आमच्या वेळी पोरांच्या हातून याहून मोठं काही झालं तरी चार दिवस रडून ती खेळायला जायची. तूच त्याला जवळ घेऊन घेऊन तुझी चूक नाही, तुझी चूक नाही म्हणत बसली असशील. असं शंभरदा ऐकल्यावर कोणालाही आपली चूक आहे असंच वाटेल. मठातले लोक उलट किती समजूतदार. भेटेल तो प्रणीतचीच चौकशी करतो, लहान आहे, होतं असं म्हणतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की त्याला कोणी रागावायचं नाही.

चूक कोणाची ते मोजायला बसलीसच तर तुझ्यापासून सुरुवात होईल. त्या मुलीला तो गुलाबी रेनकोट कोणी घातला? घोट्यापर्यंत लांब, पावलं दिसत नव्हती तिला. त्याचं गळ्याजवळचं बटण तुटलं होतं, एका दोऱ्यावर लोंबत होतं. आदल्या दिवशी मी तुला म्हटलं होतं शिवून टाक, तू सरी, शिवते म्हणालीस आणि फोनकडे वळलीस. ते बटण वाऱ्याने तिच्या हनुवटीवर आपटत होतं आणि ती मान वाकडी करत होती. अशाने तोल जाणार नाही तर काय होणार?

दुसरं एक श्रीहर्षने मला विचारलं, ते तूच त्याच्या तोंडी घातलं असणार. तुम्ही तिला उचलून खाली धावलात तेव्हा मी कुठे होते? मी वर गेले. उरलेल्या पायऱ्या चढून नैवेद्य दाखवला आणि मग खाली आले. तिला उचलायला दोन धडधाकट माणसं होती, मी मध्ये धावून काय करणार होते? नैवेद्याला दुसरं कोणी नव्हतं. वर जाऊन तिच्यासाठीच मागितलं. ती वाचली ना? मग.

गणपतीच्या आदल्या दिवशीच्या आमच्या गौरीला तुझी जागा रिकामी होती. बायका विचारत होत्या. सून माहेरी गेली आहे म्हटलं. खोटं बोलायला लागलं मला, तुझ्यापायी.

अनुसूया

बसवनगुडी
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

श्रीविद्या,

तू पोलिसात जायला हवी होतीस, कॉम्प्युटरपुढे बसून वाया गेलीस. वीस पायऱ्या पुढे, धुक्यात, पाठमोरी बाई, आणि तिला नातीच्या गळ्याचं बटण दोऱ्यावर लोंबताना कसं दिसलं, असं तुझं म्हणणं. माझं पहिलं पत्र नि दुसरं पत्र शेजारी ठेवून वाचलंस म्हणे. सासूच्या पत्रांची अशी पारायणं करणारी सून बसवनगुडीत दुसरी नसेल.

वीस म्हणजे काय मी मोजल्या होत्या? पाच असतील, सहा असतील. म्हाताऱ्या बाईला डोंगरावर अंतर कळतं का? आणि वळून पाहिलं मी, मधून मधून पाहत होते. नातवंडांकडे वळून पाहणं हाही आता गुन्हा.

पण तुला खरंच पाहिजे ना? तर घे. मंटपात तू काय म्हणालीस ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलंय, इथूनच परत फिरू या, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, शिजवलेला नैवेद्य न दाखवता खाली नेत नाहीत, आणि चालू लागले. तुझं माझ्याशी भांडायचं धाडस नव्हतं म्हणून तू नवऱ्याशी भांडत बसलीस. आईला कधी तरी नाही म्हण, एकदा तरी म्हण, असं तू त्याला ओरडून सांगत होतीस, आणि तो नेहमीसारखा बुटाची नाडी बांधत होता. तुम्ही दोघं त्या मंटपात एकमेकांची अकरा वर्षं उकरत होता आणि तुमची मुलं मोकळी होती. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांचा हिशेब माझ्याकडे मागू नकोस.

सगळे मला विचारतात पोरीचं असं कसं झालं. तिची आई भांडत होती असं मी सांगू शकले असते. मी म्हणते, मुलं होती, पाय घसरला, भावाच्या हातून हात सुटला. तुझं नाव घेत नाही. उपकार मानायचे सोडून माझ्या पायऱ्या मोजतेस.

संहिताला त्या दिवसातलं गाडीत खाल्लेल्या इडलीनंतरचं काही आठवत नाही असं डॉक्टर म्हणाले. कधीच आठवणार नाही म्हणे. बरं आहे ते. देवाने तिच्यावर एवढी तरी दया केली.

महाळ सुरू आहेत. घरात कावळ्याला पान ठेवायला गच्चीवर मीच चढते. पूर्वी प्रणीत यायचा बरोबर, काव काव करत. त्याला माझी आठवण येत नाही का? त्याला विचार. मला खरंच कळायला हवं आहे.

अनुसूया

बसवनगुडी
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

श्रीविद्या,

दसऱ्याला यंदा बाहुल्यांची आरास मांडली नाही. पाच पायऱ्यांची फळी काढली, पांढरं कापड घातलं, आणि तशीच परत गुंडाळून ठेवली. खालच्या पायरीवर संहिता तिची मातीची गाय ठेवायची आणि दर तासाला तिची जागा बदलायची. ती गाय मी फडताळात ठेवली आहे. मी दगडाची नाही. तुला तसं वाटत असेल तर वाटू दे, पण मी नाही.

तुझी अट कळली. या वेळी चक्क चार ओळी लिहिल्यास. "मला तुमच्याकडून काही नको, माफी नको, कोणाला काही सांगायला नको. त्या दिवशी काय झालं ते तुम्ही प्रणीतला खरं लिहा, मग मुंजीचं बोलू. तो माझं ऐकत नाही, तो म्हणतो अज्जीने पाहिलंय." आठ वर्षांच्या मुलाची आई असून तुझ्या शब्दापेक्षा माझ्या शब्दाला तो जास्त मान देतो, हे तुला कबूल करावं लागलं. मला ते वाचून बरं वाटलं. वाटलं ते वाटलं, लपवत नाही.

आता मीही तुला एक सांगते. ते दवाखान्यातून परत आलो त्या दिवसाचं. हे खुर्चीत बसले होते, मी पाणी दिलं. मग म्हणाले, "अनुसूया, तू जवळ असतीस तर धरलं असतंस तिला." मी भांडं घेऊन आत गेले. तेव्हापासून जेवायला वाढताना मला यांच्याकडे बघता येत नाही. पन्नास वर्षं ज्या माणसाने माझ्या हातचं खाल्लं, तो आपल्याला काय समजतो हे मला नव्याने कळलं, आणि मी भ्याले. अजून भीते आहे. हे शास्त्राचं माणूस. एकदा आमच्या लग्नानंतर शेजारचं मूल हौदात पडलं तर हे पूजेवरून तसेच उठून उडी टाकून आले होते. नंतर परत अंघोळ केली आणि परत पूजेला बसले. मला म्हणाले होते, मडी धुता येते. ते मी विसरले नव्हते ग. पण एक्केचाळीस वर्षांत कोणाचा पदराला स्पर्श होऊ दिला नाही, की अंग आपोआप चोरतं. विचार मागाहून येतो.

तुम्हा लोकांना ठाऊक नसेल, उघड्या अंगाचं मूल मडीतल्या बाईला शिवलं तरी चालतं. आमच्याकडे बाळांचं झबलं काढून मग मांडीवर घ्यायचे. कपडा अंगावर असला की नाही चालत. तिच्या अंगावर तो रेनकोट होता, प्लास्टिकचा, दुकानातून आणलेला, गाडीत लोळलेला. तो तू घातला होतास. तिला गार वाजू नये म्हणून घातला होतास, हेही मला कळतं.

एक पायरी. तुझ्या मोजणीसाठी लिहिते. मी एक पायरी पुढे होते.

पुढचं तुला लिहिणार नाही. ते ज्याला लिहायचं त्याला लिहीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. हा कागद यांना दाखवायचा नाही, श्रीहर्षलाही नाही. दाखवलास तर त्या दिवशी या घरात जे होईल ते तुझ्या नावावर.

अनुसूया

बसवनगुडी
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

श्रीविद्या,

ठरलं. प्रणीतला मी लिहीन. पूर्ण खरं लिहीन, एक शब्द मागे ठेवणार नाही. यांच्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, आणि ती शपथ मी स्वस्तात घेत नाही हे तुला माहीत आहे.

माझी एकच अट. पाकीट बंद असेल आणि ते त्याने एकट्याने उघडायचं. तू आधी वाचायचं नाही, नंतर त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही. मी एवढी खाली वाकते आहे तर निदान सुनेच्या नजरेखाली वाकायला लावू नकोस. तो वाचू शकतो. शाळेत त्यांना इंग्रजी नि कन्नड, पण ही अक्षरं त्याला मी शिकवली आहेत, पाटीवर, एकेक.

वाचून झाल्यावर तू त्याला खुशाल विचार. मी अडवणार नाही. तो तुझ्याशी कधी खोटं बोलत नाही असं तूच सगळ्यांना सांगतेस.

चालेल की नाही ते श्रीहर्षकडे एका शब्दात सांग. लांब पत्रांची तुला सवय नाही.

दिवाळीचे चिरोटे पाठवते आहे. संहिताला दोन दे, तिला तूप सोसत नाही.

अनुसूया

बसवनगुडी
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

प्रणीत पुट्टा,

तुझ्या आईने चालेल म्हणून निरोप पाठवला, म्हणून हे तुला लिहिते आहे. खोलीचं दार लाव आणि सावकाश वाच. अडलं तर बोट ठेवून वाच, आपण पाटीवर वाचायचो तसं.

तू संहिताचा हात सोडला नाहीस.

परत एकदा वाच ते. तू हात सोडला नाहीस. तू नीट धरला होतास, मी सांगितलं होतं तसा. तुम्ही दोघं वर आलात ते माझ्यामुळे आलात. जो माझ्याबरोबर येईल त्याला हयग्रीवाचा पहिला घास, असं मी मंटपात हळूच म्हटलं होतं, आठवतं? मग वारा सुटला, ती घाबरली, आणि तिनेच तुझ्या हातातून हात काढून घेतला, कारण तिला माझा हात हवा होता. मी एक पायरी वर होते. "अज्जी, हात," म्हणाली आणि हात पुढे केला. मी मडीत होते. मी मागे सरकले. तिची बोटं माझ्या पदरापासून एवढीशी लांब राहिली आणि ती गेली. तू ते पाहिलंस. तू माझ्याकडे बघत होतास. मग सगळे धावत आले आणि मी म्हटलं, प्रणीत, तू हात का सोडलास, आणि तुला वाटलं, अज्जी म्हणते म्हणजे तसंच झालं असणार. तू शहाणा मुलगा आहेस, मोठ्यांचं ऐकतोस.

आईला जे हवं होतं ते मी लिहिलं. आता अज्जीला काय हवं आहे ते ऐक.

हे तुला, मला आणि देवाला माहीत. आणखी कोणाला कळायचं नाही. तुझा ताता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, त्याचं काळीज नाजूक झालं आहे हे तुला माहीत आहे ना? डॉक्टरांनी सांगितलं आहे, त्याला धक्का बसेल असं काही बोलायचं नाही. त्याला हे कळलं आणि काही झालं तर ते कोणी सांगितल्यामुळे झालं, याचा तूच विचार कर. अप्पाला सांगितलंस तर तो ताताला सांगेल. आईला सांगितलंस तर ती अप्पाला सांगेल. म्हणजे तू कोणालाही सांगितलंस तरी ते ताताला सांगितल्यासारखंच आहे.

अवघड नाही ते. तू तीन महिने सांभाळलंसच की. शाळेत जातोस, जेवतोस, झोपतोस. सगळ्यांना वाटतं तू हात सोडलास, आणि तरी कोणी तुला मारलं का? कोणी रागावलं का? तू लहान आहेस म्हणून लोक विसरतात. अज्जीचं कोणी विसरणार नाही. म्हणून हे तुझ्याकडे राहिलेलं बरं.

मुंजीत तुझ्या कानात मंत्र सांगतील. वरून पांघरूण घालतील, म्हणजे दुसऱ्या कोणाला ऐकू जायला नको. तो मंत्र कोणाला सांगायचा नसतो, आईलासुद्धा नाही. ज्याच्या पोटात राहत नाही त्याची मुंज करून काय उपयोग? समज, अज्जीने तुझा मंत्र चार महिने आधीच दिला. फेब्रुवारीत तुला पहिली भिक्षा मी घालीन, चांदीच्या वाटीतून, आणि तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलास की मला कळेल तू राखलास.

हे पत्र मी शाईच्या पेनाने लिहिलं आहे. वाचून झालं की न्हाणीत जा आणि बादलीत बुडव. शाई लगेच सुटते, मी इथे एक कागद बुडवून पाहिला आहे. मग ओला कागद बाहेर आण आणि पाण्यात पडला म्हणून सांग. आई विचारील, अज्जीने काय लिहिलं होतं? तू म्हण, माझी चूक नव्हती असं लिहिलंय. ते खरंच आहे, खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही. मग कोणाची चूक होती, असं ती विचारील. तेव्हा म्हण, कोणाचीच नव्हती, पाऊस होता. ती परत विचारील. परत तेच म्हण. रडू नकोस, रडलास की ती ओळखते.

संहिता सोमवारपासून शाळेत जाणार असं अप्पा म्हणाला. तिला कुबडी लागते, अजून जिना नीट चढता येत नाही. तू तिच्याबरोबर हळू चाल, आणि तिचा हात घट्ट धर. या वेळी सोडू नकोस.

अज्जी